बडा बाजारातली मराठी घरं आणि जनगणनेचे तक्ते

झाशीच्या परकोट्याच्या आत आज मराठी घरं किती आणि ती कुठल्या गल्ल्यांत आहेत, एवढाच माझा प्रश्न होता. नारो शंकरांनी १७४२च्या सुमारास हे शहर वसवायला घेतलं, तेव्हापासून दक्षिणेतून माणसं इथे येत राहिली. कारकून आले, भिक्षुक आले, शिलेदार आले. पुढे नेवाळकरांची सुभेदारी आली. बडा बाजार हा त्या जुन्या शहराचा गाभा. राणी महाल इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे आणि मुरली मनोहराचं मंदिर तर बाजारातच. आपल्याकडे झाशीची आठवण निघते ती राणीपुरती. तिच्यानंतर तिथेच राहिलेल्या माणसांचं काय झालं, हे फारसं कुणी विचारत नाही. मला ते विचारायचं होतं.

अशा कामात पहिला आधार जनगणनेचा. जनगणना कार्यालयाच्या संकेतस्थळावर जुने अहवाल, जिल्हा जनगणना पुस्तिका आणि तक्ते कुणालाही फुकट उतरवून घेता येतात. ही फार मोठी सोय आहे आणि आपले विद्यार्थी ती पुरेशी वापरत नाहीत. मातृभाषेचा तक्ता 'सी-१६'. तो राज्य, जिल्हा, तहसील आणि शहर या पातळ्यांवर मिळतो. प्रभागवार आकडे पाहायचे तर प्राथमिक जनगणना गोषवारा काढायचा. त्यात प्रभागाची लोकसंख्या, शून्य ते सहा वर्षांची मुलं, साक्षर, कामकरी, अनुसूचित जाती-जमाती हे सगळं असतं, भाषा मात्र नसते. थोडक्यात, झाशी शहरात मराठी किती ते कळतं, पण बडा बाजारात किती ते कोणत्याही छापील तक्त्यातून कळत नाही. प्रगणकाने घरोघर भरलेली पत्रकं १९४८च्या जनगणना कायद्याने गोपनीय आहेत, आणि ते योग्यच आहे.

आकडा हाती आला की पहिला प्रश्न त्याच्या हद्दीचा विचारावा. २०११मध्ये झाशी नगर निगमाची लोकसंख्या ५,०५,६९३ होती, तर झाशी नागरी संकुलाची ५,४७,६३८. मधल्या सुमारे बेचाळीस हजारांत छावणी आहे आणि रेल्वेची वसाहत आहे. माझ्या प्रश्नासाठी हा फरक कळीचा होता, कारण झाशीत मराठी माणूस दोन वाटांनी आला. एक वाट पेशवाईची, तिची घरं तटाच्या आत. दुसरी रेल्वेची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून झाशी जीआयपी रेल्वेकडे, नंतर मध्य रेल्वेकडे होती आणि २००३पर्यंत झाशी विभाग ज्या मध्य रेल्वेत होता तिचं मुख्यालय मुंबईत होतं. बदलीवर आलेली, इथेच स्थिरावलेली कुटुंबं त्या वाटेची. संकुलाचा एकच आकडा उचलला तर या दोन्ही इतिहासांची खिचडी होते.

जिल्ह्याचंही तेच. १८९१मध्ये ललितपूर झाशीला जोडलं गेलं, १९७४मध्ये पुन्हा वेगळं झालं. १९७१चा झाशी जिल्हा आणि १९८१चा झाशी जिल्हा यांचे आकडे शेजारी मांडून 'लोकसंख्या घटली' असं कुणी लिहिलं तर तो निव्वळ हद्दीचा खेळ असतो. ललितपूरची बेरीज-वजाबाकी केल्याशिवाय तुलना करूच नये.

आणि सगळ्यात मोठी गंमत १८८१ची. त्या वर्षी पहिल्यांदा सगळ्या देशाची एकाच वेळी गणना झाली, मातृभाषाही विचारली गेली. वायव्य प्रांताच्या त्या अहवालात झाशी शहर शोधायला गेलं तर हाती लागतं ते 'झाशी नौआबाद', म्हणजे तटाबाहेरचं इंग्रजी ठाणं. जुनं शहर तिथे नाहीच, कारण १८६१मध्ये इंग्रजांनी शहर आणि किल्ला शिंद्यांना दिला होता आणि १८८६मध्ये ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतला. मधली पंचवीस वर्षं बडा बाजार ग्वाल्हेर संस्थानात होता, तेव्हा त्याचा माग मध्य हिंदुस्थानच्या कागदांत काढावा लागतो. १९०१पर्यंत सगळं एकत्र आलं होतं. तेव्हाची नोंद ५५,७२४ माणसांची आहे. गोडसे भटजींचा 'माझा प्रवास' ज्यांनी वाचला आहे, त्यांना १८५८च्या एप्रिलमधली कत्तल आणि जाळपोळ आठवत असेल. त्या संहाराआधीची मोजणी असती तर काय हरपलं ते आकड्यात सांगता आलं असतं. ती नाही, याची मला खरोखर खंत आहे.

तक्ते जिथे थांबतात तिथून नकाशा पुढे नेतो. तटाचे दरवाजे माझ्या फार उपयोगी पडले. खंडेराव दरवाजा, दतिया दरवाजा, उन्नाव, ओरछा, सागर, लक्ष्मी दरवाजा ही ठिकाणं जुन्या आराखड्यांवरही आहेत आणि उपग्रहाच्या चित्रावरही सापडतात. क्यूजीआयएस या नकाशांच्या संगणकप्रणालीत जुना नकाशा चढवला, दरवाजे, किल्ला आणि राणी महाल या खुणा जुळवल्या आणि त्यावर प्रभागांच्या हद्दी टाकल्या. २००१ला झाशीत नगरपालिका होती, २०११ला नगर निगम, त्यामुळे दोन गणनांमधला एकाच क्रमांकाचा प्रभाग म्हणजे तोच मुलूख असं गृहीत धरता येत नाही. हद्दीची यादी रस्त्यांच्या नावांनी वाचायची आणि नकाशावर बोट ठेवत पुढे सरकायचं. काम किचकट आहे, पण ते झालं की शहर समजू लागतं.

मग पायी फिरणं. बाजारातून आत वळणाऱ्या एका गल्लीत, दागिन्यांच्या दुकानांच्या मागे, चौक असलेलं एक जुनं घर आहे. ओसरीला लाकडी खांब, देवघरात पितळी गणपती. तिथल्या आजींना मी विचारलं, "आजी, मागच्या गणनेत तुमची भाषा काय लिहिली?"

"मला कुठे गं विचारलं? दारात नातू होता. ते मास्तर म्हणाले, हिंदी ना? हा म्हणाला, हाँ जी. झालं."

"सगळ्यांचीच हिंदी?"

"सगळ्यांचं एकदमच लिहिलं असणार. मी तर आतून हाक मारतेय, पाणी द्या त्यांना."

"आणि तुमच्या आईशी काय बोलायचात?"

"आईशी मराठीच. दुसरं काय बोलणार बेटा?"

या चार वाक्यांत माझ्या संशोधनाचं निम्मं उत्तर होतं. जनगणनेच्या व्याख्येनुसार मातृभाषा म्हणजे लहानपणी आई त्या व्यक्तीशी जी भाषा बोलत असे ती. ती घराची भाषा नव्हे, जातीची नव्हे, लिपीचीही नव्हे. एका घरात ती प्रत्येकाची वेगळी असू शकते आणि प्रत्येकाची वेगळी विचारायची असते. त्या घरातली सून सागरकडची, तिच्या माहेरी बुंदेली. नातवाची नोंद त्याच्या आईच्या भाषेने झाली तर ती नियमाला धरूनच आहे, आणि बुंदेली तर तक्त्यात हिंदीखालीच मोडते. पण आजींची आणि त्यांच्या मुलाची भाषा मराठी होती आणि ती हिंदी म्हणून मोजली गेली असणार. असं किती घरांत झालं असेल?

म्हणून झाशीच्या सी-१६ मधला मराठीचा आकडा मी 'किमान इतके' असा वाचते. तो मराठी समाजाचा आकार सांगत नाही. मराठी आईच्या मांडीवर वाढलेल्या आणि दारात तशी नोंद झालेल्या माणसांची संख्या सांगतो. २०११च्या पत्रकात दहावा प्रश्न मातृभाषेचा होता आणि अकरावा येत असलेल्या इतर भाषांचा. आजींचा नातू घरात मराठी समजतो, बोलतो, त्याची नोंद या अकराव्या प्रश्नात व्हायला हवी होती. त्या प्रश्नाचा तक्ता सी-१७ राज्याच्या पातळीवर मिळतो, त्यामुळे झाशीसारख्या शहरातली दुभाषिक पिढी त्यात दिसत नाही. तिच्यासाठी घरोघर जाण्याला पर्याय नाही आणि ते काम मी करते आहे.

पुढच्या जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ आहे. माणसांची मोजणी त्याआधी फेब्रुवारीत व्हायची आहे. झाशी, ग्वाल्हेर, सागर, इंदूर, बडोदा, तंजावर, जिथे जिथे आपली माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. प्रगणक दारात आला की घरातल्या वडीलधाऱ्यांना पुढे बोलवा, प्रत्येकाची भाषा वेगळी सांगा, आईची भाषा मराठी असेल तर मराठी लिहवा आणि नसेल पण मराठी येत असेल तर इतर भाषांत ती नक्की नोंदवा.