नसलेल्या पुलांचे चलन

१ जानेवारी २००२ रोजी बारा देशांत एकदम व्यवहारात आलेल्या युरोच्या नोटांवर ना राजाचे चित्र होते, ना नेत्याचे. एका बाजूस कमानी आणि खिडक्या, दुसऱ्या बाजूस पूल, आणि तेही प्रत्यक्षात कुठेच नसलेले. ऑस्ट्रियाचे रॉबर्ट कालिना यांनी ते निरनिराळ्या काळांतील वास्तुशैलींवरून कल्पनेने रेखाटले, कारण खरा पूल छापला असता तर तो ज्या देशाचा त्याचा मान वाढून इतरांच्या कपाळावर आठ्या पडल्या असत्या. (पुढे नेदरलँड्समधील स्पायकेनिसे गावाने तेच पूल रंगांसकट बांधून घेतले, ही गंमत वेगळी.) डॉलरवरील वॉशिंग्टनच्या मागे मात्र एक सरकार, एक खजिना आणि एक लष्कर उभे आहे.

डॉलर हे राखीव चलन, म्हणजे इतर देशांच्या मध्यवर्ती बँका आपल्या गंगाजळीत साठवतात ते चलन, असल्यामुळे अमेरिकेला स्वस्तात कर्ज मिळते, ही सल फ्रान्सच्या मनात १९६० च्या दशकापासून होती. १९९२ च्या मास्ट्रिख्ट कराराने युरोपीय संघ आणि सामाईक चलन यांचा पाया घातला, तेव्हा डॉलरला तोडीस तोड प्रतिस्पर्धी लाभणार, अशी आशा अनेकांना वाटू लागली. नोटा येण्याआधी, केवळ हिशेबात असताना, ऑक्टोबर २००० मध्ये ८३ सेंटांच्याही खाली घसरलेला युरो जुलै २००८ मध्ये १.६० डॉलरच्या घरात गेला, तेव्हा ती आशा भाबडी वाटत नव्हती. परंतु काही महिन्यांतच अमेरिकी बँका कोसळल्या, आणि डॉलरमध्ये कर्जे घेऊन बसलेल्या युरोपीय बँकांना तगवण्यासाठी युरोपच्या मध्यवर्ती बँकेला अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हकडूनच डॉलर उसने घ्यावे लागले.

खरी कसोटी २०१८ मध्ये लागली. अमेरिकेने इराणच्या अणुकरारातून बाहेर पडून त्या देशावर पुन्हा निर्बंध लादले, युरोपने करार टिकवण्याचे ठरवले, आणि जानेवारी २०१९ मध्ये फ्रान्स, जर्मनी व ब्रिटन यांनी डॉलरला वळसा घालून इराणशी व्यापार करता यावा म्हणून पॅरिसमध्ये ‘इन्स्टेक्स’ ही यंत्रणा स्थापली. मात्र अमेरिकी बाजारपेठ गमावण्याच्या धास्तीने युरोपातील बड्या कंपन्यांनी इराणमधून आधीच काढता पाय घेतला होता, आणि त्यांना अडवण्याचे वा अभय देण्याचे बळ संघाकडे नव्हते. वैद्यकीय साहित्याचा एकच व्यवहार पार पाडून २०२३ मध्ये इन्स्टेक्सने गाशा गुंडाळला. जगाच्या परकीय गंगाजळीत आजही डॉलरचा वाटा निम्म्याहून अधिक आहे आणि युरोचा सुमारे एक पंचमांश.