सर्व्हरची किल्ली कोणाच्या खिशात?

सर्व्हर म्हटले की आपल्या कार्यालयांतली माणसे जरा दबकून बोलतात. कोपऱ्यातल्या त्या काळ्या पेटीला हात लावायचा नाही, नगरहून इंजिनिअर येईल तोच काय ते पाहील, अशी एक समजूत होऊन बसली आहे. (नगरचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले, पण बोलण्यात अजून नगरच येते.) आम्ही आष्टी तालुक्यातील कडा येथे एका पतसंस्थेत कारकून आहोत. शिक्षण बी.कॉम., संगणकाचे ज्ञान म्हणाल तर एमएस-सीआयटीपुरते. तरीही ही पेटी सांभाळण्याचे काम आमच्याकडेच आहे, कारण पगार देऊन तंत्रज्ञ ठेवण्याची लहान संस्थेची ऐपत नसते. अशाच कार्यालयांत काम करणाऱ्या बंधू-भगिनींसाठी हे चार शब्द.

पूर्वी सभासदाचे खाते खतावणीच्या पानावर असे, आता ते सर्व्हरच्या डिस्कवर असते. काउंटरवरच्या संगणकांकडे नुसत्या खिडक्या म्हणून पाहावे. पैसे भरले किंवा काढले की खरी नोंद आतल्या खोलीतील सर्व्हरवर होते. शेजारच्या गावातील आमची शाखाही इंटरनेटवरून याच सर्व्हरला जोडलेली आहे. म्हणजे तो बंद पडला की दोन्हीकडचा व्यवहार ठप्प. आणि शाखेसाठी जी वाट इंटरनेटवर उघडलेली असते, त्याच वाटेने जगातला कोणीही दाराशी येऊन कडी हलवून पाहू शकतो.

आमच्या सभासदांत ऊसतोड कामगार पुष्कळ. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांवर जायला निघतात, तेव्हा काउंटरवर मोठी गर्दी असते. एका वर्षी नेमकी याच दिवसांत रात्री वीज गेली आणि सकाळी सर्व्हर चालू होताना पासवर्ड मागू लागला. तो पासवर्ड फक्त सर्व्हर बसवून देणाऱ्या तरुणाला ठाऊक होता. त्याने मधल्या काळात नोकरी बदललेली, फोन बंद. दोन दिवस सगळे अडले. एक बाई तीन हजार रुपये काढायला आल्या होत्या. पोरे सासूजवळ ठेवून जायचे होते, त्यांच्या खर्चासाठी. बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टर उभा, मुकादम हाका मारतोय. आमच्या सचिवांनी त्यांचे पासबुक पाहून हाताने व्हाउचर केले आणि स्वतःच्या जबाबदारीवर रक्कम दिली. पण ज्यांची पासबुके कित्येक महिने भरलेली नव्हती ते परत गेले. घाम गाळून मिळवलेला पैसा, आणि तो मिळेना कशामुळे, तर एका माणसाचा फोन लागत नाही म्हणून!

येथे एक गोष्ट वाचकांनी ध्यानात घ्यावी. बँकेतील ठेवीला पाच लाख रुपयांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० पासून एक लाखावरून वाढवली गेली. पतसंस्थेतील ठेवीला हा विमा नाही. तेव्हा सभासदाची शिल्लक किती, हे सांगणारी नोंद सुरक्षित राहणे याला आमच्याकडे फार मोल आहे.

त्यानंतर संचालक मंडळाने पासवर्डचा कायमचा बंदोबस्त केला. तो कागदावर लिहून लिफाफ्यात घातला, तोंडावर लाख लावून अध्यक्ष-सचिवांच्या सह्या घेतल्या आणि लिफाफा तिजोरीत ठेवला. लिफाफा उघडला तर कोणी, केव्हा, कशासाठी, याची नोंद रजिस्टरला होते आणि पासवर्ड बदलून नवा लिफाफा बंद होतो. तिजोरीच्या दुसऱ्या किल्लीची जी रीत, तीच ही. राऊटरबरोबर कारखान्यातून आलेला पासवर्डही त्याच दिवशी बदलून घेतला. तो बहुधा 'अ‍ॅडमिन' असाच असतो आणि चोरालाही तो माहीत असतो. इंजिनिअरला नगरमध्ये बसून दुरुस्ती करता यावी म्हणून इंटरनेटवरची एक वाट चोवीस तास मोकळी ठेवलेली होती. ती आता बंद असते. त्यांनी फोन केला की उघडायची, काम संपले की आमच्यासमोर बंद करायची आणि वेळ लिहून ठेवायची. शाखेची वाट वेगळी, ती फक्त शाखेलाच उघडते. हे सारे करायला इंजिनिअर कशाला हवा? कारकुनाची सवय पुरते.

सर्वांत मोलाचे काम नकलेचे, ज्याला बॅकअप म्हणतात. यंत्र रोज संध्याकाळी 'नक्कल यशस्वी' असे दाखवते, त्यावर आमचा विश्वास नाही. वाणिज्य शाखेत आम्हाला शिकवले की किर्द लिहिली म्हणजे हिशेब झाला नाही, तेरीज जुळली पाहिजे. म्हणून महिन्यातून एकदा ती नक्कल दुसऱ्याच संगणकावर उघडतो. कोणतेही पाच सभासद निवडायचे, त्यांची शिल्लक पासबुकाशी ताडून पाहायची, शेवटी एकूण ठेवींचा आकडा त्या तारखेच्या रोजमेळाशी जुळवायचा. नक्कल दोन डिस्कवर आलटून पालटून घेतो. एक तिजोरीत, दुसरी शाखेत. काम झाले की डिस्क सर्व्हरपासून काढायची, रात्रभर लावून ठेवायची नाही.

डिस्क काढण्याचा एवढा आग्रह का, यासाठी २०१७ सालची हकीकत सांगतो. त्या वर्षी मे महिन्यात 'वॉनाक्राय' नावाच्या विषाणूने जगभरच्या संगणकांतील माहिती कुलूपबंद करून खंडणी मागितली. ज्या फटीतून तो शिरला ती बुजवण्याची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. अनेकांनी ती बसवली नव्हती. जूनमध्ये 'नॉटपेट्या' आला. तो युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून पसरला, म्हणजे आमच्याच धंद्यातल्या वस्तूमधून! मर्स्क या जहाज कंपनीला त्याने लोळवले आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरातील त्या गटाच्या टर्मिनलचे कामही अडले. मर्स्ककडे कोणाला कोठे प्रवेश आहे याची यादी सांभाळणारी दीडशेच्या आसपास यंत्रे होती, सगळी एकमेकांची नक्कल ठेवणारी. पण सगळी एकमेकांना जोडलेली, म्हणून सगळी एकदमच गेली. वाचले ते एकच, आफ्रिकेतल्या घाना देशातील. तेथे त्या वेळी वीज गेली होती म्हणून ते बंद होते! तेथल्या कर्मचाऱ्याकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग नायजेरियात दुसऱ्याच्या हाती डिस्क सोपवून ती लंडनजवळ नेली आणि तिच्यावरून कंपनीची घडी पुन्हा बसवली गेली. लोडशेडिंगचा असा उपयोग आमच्या बीड जिल्ह्यात अजून कोणाला झाल्याचे ऐकिवात नाही.

पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २०१८ मध्ये, पुण्याच्या कॉसमॉस बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. चोरांनी एटीएम कार्डांना मंजुरी देणारी खोटी यंत्रणा मधेच उभी केली होती. त्यामुळे मंजुरीचा सवाल बँकेच्या खतावणीपर्यंत पोहोचतच नव्हता आणि अठ्ठावीस देशांतून पैसे निघत होते. तेवढ्या मोठ्या बँकेपुढे आमची पतसंस्था म्हणजे काहीच नाही. तरी रोख, रोजमेळ आणि सर्व्हर यांचा त्याच दिवशी मेळ घातल्याशिवाय कुलूप लावायचे नाही, ही आमची जुनी पद्धत आम्ही त्यासाठीच धरून ठेवली आहे. एप्रिल २०२२ पासून केंद्राच्या सर्ट-इन या यंत्रणेचाही आदेश आहे, की असा हल्ला ध्यानात आल्यापासून सहा तासांत कळवावे आणि यंत्राच्या नोंदी १८० दिवस जपाव्यात. तो कागद आम्ही रजिस्टरच्या पहिल्या पानावर चिकटवला आहे.

बाकी कामे किरकोळ. यूपीएसच्या बॅटरीवर बसवल्याची तारीख मार्करने लिहिणे, महिन्यातून एकदा पंख्याची धूळ काढणे, बॅटरी संपायच्या आत सर्व्हर रीतसर बंद करणे. वीज एकदम तुटली की अर्धवट लिहिलेली नोंद बिघडते. हे सारे मराठीत, पायरी-पायरीने वहीत लिहून ठेवले आहे. आपल्यानंतर जो कोणी खुर्चीवर बसेल त्याला ते वाचून काम करता आले पाहिजे. मागच्या महिन्याची नक्कल आमच्या रोखपाल भगिनींनी वही समोर ठेवून एकट्यांनी उघडली आणि पाचही शिलका ताडून पाहिल्या. आम्ही त्या दिवशी मुद्दाम रजा घेतली होती.