मॉरिशसचे तिकीट

मॉरिशसचे विमानभाडे ठरते ते कॅलेंडरवर. मुंबईहून थेट विमानाला बारा महिने तेच सहा-सात तास लागतात. पण नाताळात युरोपच्या गारठ्याला कंटाळलेले प्रवासी त्या बेटाकडे धाव घेतात आणि भाडे आमच्यासारख्या निवृत्त दांपत्याच्या आवाक्याबाहेर जाते. पत्नीचा हट्ट मात्र नाताळाचाच. उन्हातला नाताळ! (वसईला काय बर्फ पडतो, असे मी विचारले नाही.)

मी सप्टेंबर सुचविला. तेव्हा तिकडचा सौम्य हिवाळा सरत असतो, वादळांचे दिवस दूर असतात आणि भाडेही नाताळाच्या मानाने उतरलेले असते. शिवाय ९ सप्टेंबर हा धन्यवादित फादर जाक लावाल यांचा स्मृतिदिन. १८४१ साली तिथे पोहोचलेले हे डॉक्टर-धर्मगुरू नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांमध्ये मृत्यूपर्यंत, २३ वर्षे राबले. आदल्या रात्री हजारो भाविक सँत-क्र्वा येथील त्यांच्या कबरीकडे पायी निघतात. त्यांत हिंदू-मुसलमानही असतात.

पत्नी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "आधी माझे गुडघे तेवढे चालतील का, ते बघा."

सध्या आम्ही रोज संध्याकाळी देवळापर्यंत चालत जातो. तिकीट जूनपूर्वी काढायचे आहे.