पावतीपुस्तकाचा सत्कार

सत्काराच्या बाबतीत बेंगळुरूकरांचा हात कोणी धरणार नाही. आमच्याकडे फेटा बांधावयाचा म्हटले की आधी फेटा बांधणारा शोधावा लागतो. येथला म्हैसुरी पेटा बांधलेला तयारच असतो, तो नुसता मस्तकी ठेवावयाचा. शाल, फळांची परडी, चंदनी हार आणि पेटा असा सारा सरंजाम अर्ध्या तासात जमतो. मानपत्रेही बहुधा तयारच असावीत असा आम्हांस संशय आहे, कारण नाव बदलले तर त्यांतील कोणतेही कोणासही लागू पडावे.

मात्र २०२५ च्या ८ सप्टेंबरास सायंकाळी आम्ही जे मानपत्र ऐकले, ते निराळे होते. हा दिवस जागतिक फिजिओथेरपी दिन म्हणून पाळला जातो. या व्यवसायाचा जागतिक महासंघ १९५१ साली याच तारखेस स्थापन झाला. येथील भौतिकोपचारतज्ज्ञांच्या एका लहानशा संघटनेने आपल्या एका सभासद बाईंचा सत्कार योजिला होता आणि आमच्या घराशी त्यांचा ऋणानुबंध असल्याने आम्हांस आमंत्रण होते. मानपत्रात एकाही रोग्याचा उल्लेख नव्हता. बाईंनी अठरा वर्षे संघटनेची सभासदवही ठेवली, वर्गणीच्या पावत्या फाडल्या, शासनाकडे निवेदने धाडली, रविवारची व्याख्याने भरविली, आणि यांपैकी कशाचाही एक पैसा घेतला नाही, एवढेच त्यात होते. शेजारी बसलेले आमचे एक स्नेही हळूच म्हणाले, “अहो, या बाईंनी इतकी माणसे चालती केली, त्याचे काहीच नाही. पावत्या फाडल्याचा सत्कार कसला करता?”

प्रश्न आम्हांस चुकीचा वाटला नाही. आमच्या मातोश्रींनीही तो पूर्वी एकदा, अधिक कडक शब्दांत, विचारला होता.

मातोश्रींस अर्धांगवायूचा झटका आला तो येथेच. उजवा हात गेला. इस्पितळातून घरी आणल्यावर पहिल्या आठवड्यात कोणीतरी पाठवून दिलेला एक गृहस्थ आला. तो स्वतःस फिजिओथेरपिस्ट म्हणवीत असे. तेल चोळून त्याने हात धरून असा ओढला की खांदा सुजून आला. अशा रोग्याचा खांदा स्नायूंचा आधार सुटल्याने सैल पडलेला असतो, ओढल्यास सांधा निसटतो, हे आम्हांस मागाहून कळले. बदलीच्या गावी, परक्या भाषेत, कोण शिकलेला आणि कोण नुसताच पाटी लावलेला हे कोणास विचारावे? हा अनुभव परमुलखात संसार मांडलेल्या वाचकांस नवा नसेल.

त्यानंतर या बाई आल्या. आठवड्यातून तीनदा येत. “अज्जी, ओंदु, एरडु, मूरु,” असे मोजीत बोटे उघडावयास लावीत. मातोश्री दहापर्यंतचे कानडी या व्यायामातच शिकल्या. त्यांचा हट्ट एकच होता. कुटुंबनिवृत्तिवेतनाचे पैसे काढताना बँकेत त्यांस अंगठा उठवावयाचा नव्हता. सातव्या महिन्यात त्यांनी सही केली. ती जुन्या सहीशी जुळेना, तेव्हा बँकेने नवा नमुना घेतला. त्यातील ‘ल’ आजही जरा कलंडलेला आहे.

या सात महिन्यांत बाईंनी चारपाचदा तरी येण्याचे टाळले, आणि कारण प्रत्येक वेळी एकच : संघटनेची सभा. “कसली मेली ती संघटना!” असे मातोश्री तेव्हा म्हणाल्या होत्या.

कसली, याचे उत्तर आम्ही इतिहासात शोधिले, कारण कारकुनास जुनी फाईल काढून पाहण्याची खोड असते. इंग्लंडात १८९४ साली चार परिचारिकांनी मर्दनकला शिकलेल्या स्त्रियांची संस्था काढली. मर्दनाच्या नावाखाली लंडनात भलतेच धंदे चालत असल्याचा बभ्रा त्या वर्षी झाला होता, आणि आपला विद्येचा व्यवसाय त्यापासून निराळा दाखविणे त्यांस भाग होते. प्रथम नाव राखावयाचे. परीक्षा, नोंदवही, सनद ही त्यामागून. राजाची सनद मिळावयास १९२० साल उजाडले.

आपल्याकडे या विद्येचे पहिले विद्यालय मुंबईस के. ई. एम. रुग्णालयात, १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने निघाले. त्याच आवारात १९५० साली कमलाबाई निंबकरांनी ऑक्युपेशनल थेरपीचे विद्यालय सुरू केले होते. जन्माने अमेरिकन असलेल्या, विवाहाने आपल्या झालेल्या या बाई केवळ शाळा काढून थांबल्या नाहीत. १९५२ साली त्यांनी त्या व्यवसायाची अखिल भारतीय संघटना उभी केली आणि पुढे पुनर्वसनविषयक नियतकालिकही चालविले. आज फलटणला त्यांच्या नावाचे बालभवन आहे. ते पाहणाऱ्यांपैकी कितीजणांस या संघटनेची वार्ता असेल, कोण जाणे. फिजिओथेरपिस्टांची अखिल भारतीय संघटना १९५५ ची. आणि या व्यवसायास देशभर एक नोंदवही असावी असे सांगणारा केंद्रीय कायदा झाला २०२१ साली. मध्ये सहासष्ट वर्षे गेली. एवढी वर्षे स्मरणपत्रे कोणी लिहिली असतील? संध्याकाळी दवाखाना आटोपल्यावर, पदरच्या तिकिटांनी, अशाच कोणी बायाबापड्यांनी. रोग्यास त्याचा पत्ता नसतो. आमच्या मते सत्कार करावयाचा तर याच कामाचा करावा, कारण बरा झालेला रोगी आपला दुवा स्वतःच देतो; पावतीपुस्तकास दुवा देणारा कोणी नसतो. अमेरिकन संघटनेत लुसी ब्लेअर यांच्या नावे असे एक पारितोषिक आहे, ते निव्वळ संघटनेच्या सेवेकरिता देतात. ही रीत आम्हांस पसंत आहे.

सत्कारास उत्तर देताना बाई तीनच वाक्ये बोलल्या. मग पेटा डोक्यावर तसाच ठेवून त्यांनी पिशवीतून कपाटाची किल्ली आणि पावतीपुस्तक काढले व हे आता कोण घेणार, असे विचारले. सभागृहात शांतता पसरली. पुष्कळांस त्याच वेळी आपापल्या मोबाइलमध्ये काही निकडीचे दिसले. अखेर गतवर्षीच पदवी घेतलेली एक मुलगी उठली. तिने आधी स्थळप्रती मोजल्या आणि मगच वहीत सही केली. ते आम्हांस फार आवडले.

दुसऱ्याच दिवशी, ९ सप्टेंबरास, आरोग्य सेवा महासंचालनालयाचे पत्र निघाले की फिजिओथेरपिस्टांनी नावामागे ‘डॉ.’ लावू नये. आणि तिसऱ्या दिवशी ते पत्र मागे घेण्यात आले. त्याच वर्षी आलेल्या नव्या अभ्यासक्रमात तसे लावण्याची मुभा होती. शासकीय पत्रव्यवहारावर अधिक बोलणे आमच्या पेशास शोभणार नाही. त्या आठवड्यात बाई मातोश्रींस पाहावयास आल्या, तेव्हा ती मुलगी बरोबर होती. पत्र निघाले त्या रात्री जागून तिने निवेदनाचा मसुदा केला होता. आता तो पाठविण्याचे प्रयोजन उरले नव्हते. मातोश्रींनी तिला चहा दिला, उजव्या हाताने. कप टेकवून तिने मसुद्यावर तारीख घातली, वर जावक क्रमांकाची जागा कोरी सोडली, आणि तो फाईलला लावला.