परसातली खार

वसतिगृहामागील कडुनिंबावरची एक खार रोज माझ्या परसात शेंगदाण्यांसाठी येई. एका सकाळी ती मागचा पाय फरफटत आली. मांजराने धरले असावे. अशा चाव्यात जंतुसंसर्ग लवकर होतो, म्हणून जाड टॉवेलात धरून तिला पशुवैद्यकांकडे नेले. (ती मलाही चावलीच.) खोक्यात अंधार आणि ऊब हवी, दूध मुळीच नको, असे त्यांनी बजावले. नवव्या दिवशी पाय टेकला, तरी मला सोडवेना. देवदत्ताने घायाळ केलेला पक्षी वाचवणाऱ्या सिद्धार्थाचा ठरला, ही कथा वर्गात कितीदा सांगितलेली! पाचवीत नव्यानेच आलेला एक मुलगा रोज खोक्यापाशी बसे. तो म्हणाला, “सर, तिला घरी जाऊ द्या ना.” त्याच दुपारी कडुनिंबाखाली खोके उघडले. खार सरसर वर गेली. तो बराच वेळ तिथेच उभा होता.