आधी थांबायला शिक!

मुलांनो, गोव्यात एकेकाळी दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार तयार व्हायची, ठाऊक आहे? तिचं नाव सॅन स्टॉर्म. १९९८च्या सुमारास ती रस्त्यावर आली. तसलीच एक, बारा वर्षं शेडमध्ये धूळ खात पडलेली, मी साठवलेल्या पैशांतून घेतली. बॉडी फायबरग्लासची, म्हणून गंजली नव्हती. पण आतलं इंजिनच जाम झालं असेल तर?

मिस्त्रीकाकांनी मला चावी लावूच दिली नाही! आधी टाकीतलं शिळं पेट्रोल काढलं. प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडलं. दुसऱ्या दिवशी पान्याने इंजिन हळूच फिरवलं. फिरलं की हो! मी टाळ्या पिटल्या. काका म्हणाले, "थांब, आता ब्रेक. पळण्याआधी गाडीला थांबता आलं पाहिजे."

त्यात आणखी दोन महिने गेले. तुम्हीही माळ्यावरची जुनी सायकल काढाल, तेव्हा आधी ब्रेक दाबून बघा हं!