उष्णतेचं गणित आणि हलाल रोजी

आमचा थोरला मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर. चार वर्षं बॉयलरच्या उष्णतेचे हिशेब केले आणि गेल्या वर्षी म्हणाला, "मला बाजाराच्या गणिताकडे वळायचंय." आम्ही दोघांनी एकदमच विचारलं, "म्हणजे सट्टा?"

त्याने समजावलं. 1973 साली ब्लॅक आणि शोल्स यांनी ऑप्शनची किंमत काढायचं सूत्र मांडलं. त्यामागचं समीकरण थोडं फिरवलं की लोखंडी सळईत उष्णता कशी पसरते, ते सांगणारं समीकरणच हाती येतं. इमॅन्युएल डर्मन हे भौतिकशास्त्रज्ञ 1985 मध्येच बेल लॅब्ज सोडून गोल्डमन सॅक्समध्ये गेले. वाट जुनीच आहे. संभाव्यता, संख्याशास्त्र, पायथन हे सगळं तो इशानंतर जागून शिकला.

गणिताला आमची हरकत नव्हतीच. पण डर्मन यांचं नाव ज्या मॉडेलला आहे ते व्याजदराचं, हे त्यानेच एकदा जेवताना सांगितलं आणि दस्तरखानवर सगळे गप्प झाले. व्यापार हलाल, व्याज हराम, हे सूरह बकराच्या 275 व्या आयतीत स्पष्ट आहे. ऑप्शनचंही कठीणच. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1992 मध्ये बाजारात चालणारे ऑप्शनचे करार नाजायज ठरवले. (आमच्या तरुणपणी एवढं कुणी विचारत नसे, बँकेत चिकटला की पेढे वाटायचे.)

आणि पहिली नोकरी चालून आली ती नेमकी ऑप्शनचीच. पगार सध्याच्या अडीचपट. घरात मुलीचं लग्न ठरलेलं. तीन दिवस आम्ही त्याच्याशी त्या आकड्याबद्दल बोललो नाही. आपसात मात्र बोलत राहिलो. चौथ्या दिवशी फज्रनंतर त्याने नकार कळवून टाकला.

आता बोलणी चालली आहेत शरियतनुसार शेअर निवडणाऱ्या एका फंडाशी. गणित तिथेही लागतंच. कंपनीवर व्याजी कर्ज किती, नाजायज उत्पन्न किती, हे सतत मोजायचं. बहारीनच्या आयोफी संस्थेच्या निकषांत कर्जाची हद्द बाजारमूल्याच्या 30 टक्के, नाजायज उत्पन्नाची 5 टक्के. आणि तेवढा हिस्सा नफ्यातून काढून खैरात करायचा. काम त्याला आवडलंय. पगार आजच्याहून थोडासाच जास्त.

हॉलची चौकशी आम्ही थांबवली आहे. निकाह मशिदीत करू, असं व्याह्यांना विचारलं. ते लगेच हो म्हणाले.